जुहूचा तळ

फणसवाडीत आज फणस नाही. शेजारच्या आंबेवाडीत आंबा, केळेवाडीत केळी आणि कांदेवाडीत कांदा शोधू जाणाऱ्याच्याही पदरी निराशाच यावयाची. मुगभाट आणि बोरभाट ही नावे तर एके काळी या भागात काय पिकत होते याची, आता कोणी न वाचणारी, फेरिस्त म्हणूनच उरली आहेत. तथापि चाळींवर मजले चढले, चाळींच्या जागी मनोरे उभे राहू लागले, गिरगावचे आकाश दिवसेंदिवस आखूड होत गेले, तरी या वाड्यांची नावे पायाखालच्या मातीची साक्ष अजून देत आहेत. आणि जो गिरगावकर बालपणापासून असल्या नावांत वाढला त्याला, एखादी वास्तू कितीही उंच गेली तरी ती कोणत्या जमिनीवर उभी आहे हा प्रश्न आधी सुचावा, यात नवल नाही. विमानतळाविषयी लिहावयास बसताना आम्हांलाही हाच प्रश्न प्रथम सुचला.

शब्दच पाहावा. सरकारी हिंदीत विमानतळाला ‘विमानपत्तन’ म्हणतात. पत्तन म्हणजे बंदराचे शहर, जेथे गलबते लागतात, माल उतरतो आणि पेठा वसतात. आपण मराठी माणसांनी मात्र ‘तळ’ हा शब्द पसंत केला. लष्कराचा तळ पडतो, पांथस्थ तळ ठोकतो आणि विहिरीचा तळ उन्हाळ्यात उघडा पडतो. म्हणजे मुक्काम आणि बूड हे दोन्ही अर्थ या दोन अक्षरांत एकत्र नांदतात. विमानाविषयी बोलताना सामान्यतः आपली दृष्टी वर लागलेली असते, आणि त्याला उडविणाऱ्या यंत्राचे व वैमानिकाचे कौतुक होते. परंतु विमान आपल्या आयुष्यातले सर्वांत नाजूक क्षण आकाशात काढीत नाही. ते क्षण जमीन सोडण्याचे आणि जमीन धरण्याचे असतात, आणि त्या क्षणी त्याचे रक्षण करावयाचे ते तळानेच.

गिरगावात हा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. चिराबाजारच्या या व्यासंगी गृहस्थांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडविले, अशी आख्यायिका आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तळपद्यांना प्राचीन विमानविद्येचा ध्यास होता हे खरे. पण त्या उड्डाणाला समकालीन आणि विश्वसनीय असा पुरावा नाही, आणि ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार या संदर्भात दिला जातो त्यातील विमाने उडण्यास असमर्थ आहेत असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. आम्हांला या आख्यायिकेत एक गोष्ट लक्षणीय वाटते. तीत विमान उडते, लोक टाळ्या वाजवतात, परंतु ते कोठे ठेवले होते, वाऱ्याची दिशा कोणी पाहिली, देखरेख कोणी केली आणि ते पुन्हा उतरावयाचे कोठे, याविषयी ती मौन पाळते. आख्यायिकेला आकाश पुरते. इतिहासाला जमीन लागते, आणि मुंबईच्या विमानविद्येच्या इतिहासाला ती जमीन गिरगावापासून काही कोस उत्तरेस, जुहूला मिळाली.

जुहू हे मुळात बेट. साष्टीच्या पश्चिम अंगाला लागून समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटर-दोन मीटर वर आलेला तो वाळूचा एक लांबट पट्टा होता; मधली खाडी ओहोटीच्या वेळी पायी ओलांडता येत असे, भरतीला तो पुन्हा जगापासून तुटे. कोळ्यांची वस्ती, भंडाऱ्यांची माडी, मिठागरे आणि खाजण एवढाच तेथला संसार. १८९०च्या दशकात जमशेटजी टाटांनी जुहूला जमीन घेऊन बंगला बांधला. पाचशे भूखंडांची एक वसाहत आणि समुद्रकाठचे एक विश्रामस्थान तेथे उभारण्याची त्यांची तजवीज होती. पण १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ती योजना दप्तरदाखल झाली. त्याच जुहूला पुढे टाटांच्याच घराण्यातील एका तरुणाने निराळ्या मार्गाने जगाशी जोडावे, हा योगायोग मोठा चमत्कारिक म्हटला पाहिजे.

१९२८ साली जुहूला मुलकी विमानांसाठी तळ स्थापन झाला. भारतातील मुलकी वाहतुकीचा हा पहिला विमानतळ. त्या वेळी त्याला विलेपार्ले एरोड्रोम म्हणत, कारण जवळचे रेल्वेस्थानक पार्ल्याचे. त्याच वर्षीच्या ५ जानेवारीस कुलाबा ते बोरिवली हा लोहमार्ग विजेवर चालू झाला होता, तेव्हा गिरगावातल्या माणसाला चर्नी रोडला विजेच्या गाडीत बसून पार्ल्याला उतरावे आणि विमान पाहून यावे, ही दोन्ही नवलाई एकाच वर्षी साध्य झाली. मुंबई फ्लाइंग क्लबही १९२८चाच. तेथे उड्डाण शिकलेल्या जहांगीर रतनजी दादाभाई (जे. आर. डी.) टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता.

विमानतळासाठी हीच जागा का निवडावी, याचे उत्तर देण्यापूर्वी विमान उडते कसे याचा थोडा विचार करावा लागतो. पंखांवरून वारा वेगाने वाहू लागला म्हणजे पंखांना वर उचलणारा जोर निर्माण होतो, आणि हा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. यातील मर्म असे की, हा वेग जमिनीच्या तुलनेत मोजावयाचा नसून हवेच्या तुलनेत मोजावयाचा असतो. समोरून ताशी तीस किलोमीटर वेगाने वारा येत असेल तर विमानाला तेवढा वेग आयताच मिळतो, आणि त्या प्रमाणात धाव कमी लागते. म्हणून विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उडते आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरते. पाठीवर वारा घेणे होडीला मानवते, विमानाला मानवत नाही. मुंबईला वर्षातील पुष्कळ काळ वारा समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. त्यामुळे येथील मुख्य धावपट्ट्या साहजिकच पूर्वपश्चिम पडल्या. आणि जुहूला तर तेव्हा पश्चिमेस अडथळा करणारी इमारत नव्हती, टेकडी नव्हती, होता तो केवळ समुद्र.

धावपट्टीच्या टोकाशी मोठ्या अक्षरांत जे आकडे रंगविलेले असतात, त्यांचाही उलगडा याच विचारातून होतो. होकायंत्रावर उत्तरेपासून मोजलेले अंश जवळच्या दहाच्या पटीत घ्यावे आणि त्यांतील शेवटचे शून्य गाळावे, म्हणजे धावपट्टीचा क्रमांक मिळतो. जुहूच्या मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला ०८ आणि दुसऱ्याला २६ असे आकडे आहेत, म्हणजे एका बाजूने ती सुमारे ८० अंशांकडे आणि उलट बाजूने २६० अंशांकडे तोंड करते. दोहोंतील अंतर सदैव अठराचे, कारण दोन विरुद्ध दिशांत १८० अंशांचे अंतर असते. शेजारच्या सांताक्रूझ विमानतळाच्या मोठ्या धावपट्टीचे आकडे ०९ आणि २७. ही दोन धावपट्ट्यांची जोडी जवळजवळ समांतर आहे आणि एकमेकींपासून थोड्याच किलोमीटरांवर आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. या सारखेपणाने पुढे केलेला घोटाळा आम्ही यथावकाश सांगणारच आहोत.

आता टपालाकडे वळू. इंपीरियल एअरवेजने १९२९ मध्ये लंडनहून कराचीपर्यंत साप्ताहिक हवाई टपाल सुरू केले होते. विलायतेहून आलेले पत्र अशा रीतीने कराचीपर्यंत मोठ्या डौलात येई आणि तेथून पुढे मुंबई-मद्रासकडे आगगाडीच्या गतीने निघे. हा विलंब नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेल्या वैमानिकाच्या मनाला बोचला. त्याने जे. आर. डी. टाटांच्या साह्याने कराची-मुंबई-मद्रास अशी टपालसेवा काढण्याची योजना आखली, आणि टाटा उद्योगसमूहाचे प्रमुख सर दोराबजी टाटांनी तिला सुमारे दोन लाख रुपयांचे भांडवल मंजूर केले. पण सरकारदरबारी ती योजना तीन वर्षे खितपत पडली. अखेर टपालाचा मक्ता मिळाला तो कोणत्याही अनुदानाशिवाय, केवळ वाहिलेल्या टपालाच्या मोबदल्यावर. ज्या दोराबजींनी होकार दिला होता ते १९३२च्या जूनमध्ये निवर्तले. पहिले विमान पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी टाटांनी कराचीच्या ड्रिग रोड तळावरून पस मॉथ नावाच्या विमानातून प्रयाण केले. एक इंजिन, सुमारे १२० अश्वशक्ती, आत वैमानिकाखेरीज दोघांपुरती जागा आणि त्या जागेत सुमारे २५ किलो टपाल, असा सारा सरंजाम होता. वाटेत अहमदाबादला इंधन घ्यावयाचे होते. ते बर्मा शेल कंपनीच्या डब्यांतून बैलगाडीवर लादून आणण्यात आले, आणि विसाव्या शतकातील विमानाची तहान प्राचीन बैलगाडीने भागविली. दुपारी विमान जुहूच्या चिखलमातीच्या मैदानावर उतरले. मद्रासचे टपाल तेथे व्हिन्सेंटने आपल्या विमानात घेतले, बळ्ळारीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी ते मद्रासला पोहोचते केले. ज्या कंपनीचे पुढे ‘एअर इंडिया’ असे नामांतर झाले तिचा जन्म असा झाला.

त्या दिवशी जुहूच्या तळावर कोणकोणत्या सोयी होत्या याची यादी करू गेल्यास ती फार लवकर संपते. माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी हे कार्यालय. जमीन आणि आकाश यांच्यामध्ये संभाषण करणारे रेडिओयंत्र नाही, वाट दाखविणारा संकेत नाही, रात्री उतरण्यासाठी दिवे नाहीत. वैमानिकाने खाली किनारा, खाडी आणि लोहमार्ग पाहत यावे आणि मैदान दिसले की उतरावे, असा मामला. दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मिस्त्री एवढ्या बळावर हा कारभार चालत होता. तरीदेखील पहिल्या वर्षात या सेवेने सुमारे १,६०,००० मैलांचा प्रवास केला, सुमारे दहा टन टपाल वाहिले, १५५ उतारूंना इच्छित स्थळी नेले आणि ६०,००० रुपयांचा नफा मिळविला. विमानतळाच्या सेवेची कसोटी इमारतीच्या भव्यतेवर लागत नसून नियमितपणावर लागते, हे झावळ्यांच्या त्या झोपडीने सिद्ध केले.

परंतु या नियमितपणाचा एक कट्टर शत्रू होता, तो म्हणजे मुंबईचा पावसाळा. मुंबईच्या समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते. पावसाळ्यातील अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची पातळी साडेचार मीटरांच्या वर जाते. मूळच्या खाजणात वसलेल्या जुहूला हे पाणी आणि वरून कोसळणारा पाऊस, दोन्ही एकाच वेळी गाठीत. भरतीच्या वेळी आपला विमानतळ समुद्राच्या तळाशी असे, अशा आशयाची थट्टा टाटांनी पुढे केली. ‘तळ’ या मराठी शब्दाचा दुसरा अर्थ त्यांच्या विनोदात किती अचूक उतरला आहे! अशा वेळी विमाने, वैमानिक आणि मिस्त्री या सर्वांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे, आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदान हाच काही महिने मुंबईचा विमानतळ होत असे. याच येरवड्याच्या कैदेतून सुटून गांधीजी १९२४ मध्ये प्रकृतिस्वास्थ्यासाठी जुहूला येऊन राहिले होते. त्यानंतर दहा वर्षांच्या आत जुहूची विमाने पावसाळा काढावयास येरवड्याला जाऊ लागली.

पावसाळ्याचा धडा कटू असला तरी तो विमानतळाच्या रचनेचा पहिला धडा होता. तळाची जमीन कोरडी राहिली पाहिजे, पाण्याचा निचरा झाला पाहिजे, पृष्ठभाग विमानाचे वजन झेलण्याइतका कठीण झाला पाहिजे. पस मॉथसारखे हलके विमान गवतावर उतरत असे, पण विमाने जसजशी अवजड होत गेली तसतशी डांबराची आणि काँक्रीटची धावपट्टी अपरिहार्य झाली. आणि तिची लांबीही वाढू लागली. याचे कारण पुन्हा तेच वर्गाचे गणित. पस मॉथ उतरताना ताशी ऐंशी किलोमीटरांच्या आतबाहेर असे. आजचे मध्यम आकाराचे जेट विमान ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने जमिनीला टेकते. वेग तिप्पट झाला म्हणजे प्रत्येक किलो वजनामागे ब्रेकांना जिरवावी लागणारी ऊर्जा नऊपट होते. त्यातच मुंबईच्या उन्हाळ्यात हवा तापून विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि धाव आणखी लांबते. जुहूची मुख्य धावपट्टी आज सुमारे ११४३ मीटर लांब आहे. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस शहर, अशा कोंडीत ती याहून फार वाढू शकली नाही.

दरम्यान जुहूहून मुंबईचे हवाई मार्ग फुटत चालले होते. १९३५ मध्ये गोवा आणि कन्नूर या मार्गाने त्रिवेंद्रमकडे विमान जाऊ लागले, १९३७ मध्ये दिल्लीची सेवा सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सांताक्रूझला ब्रिटिश हवाई दलाचा जुहूहून पुष्कळ मोठा तळ उभा राहिला. युद्ध संपल्यावर तो मुलकी खात्याकडे आला, आणि १९४८ पर्यंत मुंबईची नियमित उतारू वाहतूक जुहूहून तेथे हलली. त्याच वर्षी ८ जूनला एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचे विमान कैरो आणि जिनिव्हा या मार्गाने लंडनला निघाले. असले विमान जुहूच्या आवाक्याबाहेरचे होते. सांताक्रूझला पुढे सहार जोडले गेले, १९९९ मध्ये त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव लाभले, २०१४ मध्ये तेथे नवे भव्य टर्मिनल खुले झाले, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचेही उद्‌घाटन झाले. थोरला भाऊ घरी राहिला आणि धाकट्यांनी नाव काढले, अशी जुहूची अवस्था झाली.

तथापि जुहूची आठवण मोठ्या विमानांना अधूनमधून होत राहिली, आणि ती नको तशा प्रकारे झाली. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश ओव्हरसीज कंपनीचे कॉमेट जातीचे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. आखूड धावपट्टीवर ते सुखरूप थांबले हेच नवल. तेथून पुन्हा उडण्यास त्याला सुमारे नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डी.सी.-८ विमानाने नेमकी हीच चूक केली. या वेळी दैवाने तेवढी कृपा केली नाही. विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले, मात्र कोणाचा जीव गेला नाही. वर सांगितलेला दोन धावपट्ट्यांचा सारखेपणा या ठिकाणी आठवावा. पश्चिम किनारा, पूर्वपश्चिम पट्टा, भोवती वस्ती, एवढीच खूण धरून उतरणाऱ्याला घरांच्या जाळ्यात चुकीची वाडी सापडावी तशी ही गत. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत शिरलेला गिरगावातील पाहुणा निदान मागे वळू शकतो. विमानाला ती सवलत नसते. म्हणूनच आज विमानतळावर रेडिओलहरींच्या आधाराने धावपट्टीची मध्यरेषा आणि उतरण्याचा कोन दाखविणारी यंत्रणा, मनोऱ्यातून मिळणारी परवानगी आणि धावपट्टीच्या क्रमांकाचा परस्परांस केलेला पुनरुच्चार, यांना एवढे महत्त्व आहे.

उतारू विमाने गेल्यावर जुहू ओस पडले, असे मात्र झाले नाही. १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, भर समुद्रात, बॉम्बे हायचे तेलक्षेत्र सापडले. तेथील समुद्रातल्या फलाटांवर काम करणाऱ्या माणसांची नेआण बोटीने करावयाची तर वेळ फार जातो आणि पावसाळ्यात समुद्र वाट देत नाही. तेव्हा हेलिकॉप्टर हाच मार्ग. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या पवन हंस या सरकारी कंपनीचा मोठा कारभार जुहूला बसला, आणि ओ.एन.जी.सी.च्या कामगारांची समुद्रावरील ये-जा या तळावरून होऊ लागली. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही, मग विमानतळ कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, त्याला धाव लागत नसली तरी तळ लागतोच. इंधनात पाणी शिरलेले नाही याची खातरजमा करावयास, यंत्र उघडून तपासावयास, समुद्रावरील वाऱ्याचा आणि ढगांचा अंदाज घ्यावयास, उतारूंची वजने करून भार समतोल मांडावयास आणि प्रत्येकाच्या अंगी प्राणरक्षक जाकीट आहे की नाही हे पाहावयास माणसे आणि जागा ही हवीतच. मुंबईच्या मोठ्या विमानतळाचे व्यवस्थापन २००६ मध्ये खाजगी भागीदारीकडे गेले. जुहू मात्र भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाकडेच राहिले.

उतारूला विमानतळाच्या ज्या सेवा दिसतात, म्हणजे तिकिटाची खिडकी, सामानाचा पट्टा, खुर्च्या, चहाचा ठेला, त्या वस्तुतः त्याच्या सेवांचा सर्वांत वरचा थर होत. खालचा थर उतारूला दिसत नाही. दर अर्ध्या तासाने नोंदले जाणारे हवामान, त्यात वाऱ्याची दिशा, दृष्टीचा पल्ला, तापमान आणि हवेचा दाब. या दाबाच्या आकड्यावरच विमानातील उंचीमापक जुळविला जातो, आणि तो आकडा चुकला तर वैमानिकाला आपली खरी उंची कळत नाही. काठीला बांधलेली ती कापडी पिशवी, जी वाऱ्याने फुगून त्याची दिशा आणि जोर एका दृष्टिक्षेपात सांगते. १९३२ मध्येही विमानतळाचे तेच चिन्ह होते आणि आजच्या सर्व यंत्रसामग्रीच्या गर्दीतही तिची जागा कोणी घेतलेली नाही. अग्निशामक दल, ज्याची श्रेणी तेथे उतरणाऱ्या सर्वांत मोठ्या विमानाच्या लांबीवरून व रुंदीवरून ठरते, आणि ज्याने धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोहोचावे असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. घारी आणि इतर पक्षी हुसकावणारे कर्मचारी, कारण तळाच्या कुंपणाबाहेर टाकलेला कचरा पक्ष्यांना बोलावतो आणि इंजिनात शिरलेला पक्षी विमानाला पाडू शकतो. यांतील एकही सेवा बंद पडली तर संगमरवरी फरशीचा काही उपयोग नाही.

हे सर्व सांगण्याचे प्रयोजन केवळ जुहूचे गुणगान करणे हे नव्हे. आज महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्याला विमानतळाची आकांक्षा आहे, आणि ती गैर नाही. कोल्हापूरला राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ मध्ये विमानतळ झाला, तो आज त्यांचेच नाव धारण करून आहे. गिरगावातील असंख्य कुटुंबांचे मूळ ज्या सिंधुदुर्गात, त्या सिंधुदुर्गात परुळे-चिपीच्या सड्यावर २५०० मीटर धावपट्टीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी खुला झाला आणि मुंबईहून विमान तेथे गेले. एके काळी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने दर्या तुडवीत मालवण गाठणाऱ्या चाकरमान्याच्या नातवाला हा केवढा पालट वाटावा! परंतु जुहूची आणि चिपीची तुलना करून पाहिली म्हणजे एक विरोध दिसतो. जुहूला धावपट्टी तोकडी होती, इमारत झावळ्यांची होती, परंतु ठरल्या दिवशी टपाल येत होते. जिल्ह्याच्या विमानतळाला आज धावपट्टी लांब आहे, इमारत काचेची आहे. प्रश्न आहे तो ठरल्या दिवशी विमान येण्याचा. केंद्र सरकारने २०१६ मध्ये आखलेली ‘उडान’ योजना लहान विमानतळांच्या फेऱ्यांना अर्थसाह्य देते ते याच प्रश्नावर. पण साह्याची मुदत संपल्यावरही विमान येत राहावे असे वाटत असेल, तर उतारू, माल, बाजार आणि तळापर्यंतचा रस्ता यांची जुळणी त्या मुदतीतच झाली पाहिजे. कोकणातला हापूस आंबा आणि ताजी मासळी यांना विमानाचा उपयोग व्हावा, असे म्हणणे सोपे आहे. त्यासाठी तळावर शीतगृह, वजनकाटा आणि वेळेवर उघडणारे कार्यालय लागते, हे म्हणणारा मात्र विरळा.

आमचा निर्णय असा की, विमानतळाची प्रतिष्ठा त्याच्या टर्मिनलच्या छतावरून ठरवू नये. छत आकाशाकडे पाहत असते. आणि विमान आकाशातून येते ते मातीकडे पाहत. जमिनीचा निचरा, वाऱ्याची दिशा, हवामानाची नोंद, अग्निशामकांची सज्जता आणि वेळेचा काटेकोरपणा, या पाच गोष्टी ज्याच्या ठायी आहेत तो तळ लहान असूनही थोर; आणि ज्याच्या ठायी नाहीत तो कितीही सजविला तरी विमानाविना पडलेला माळच समजावा. ज्यांना हे पडताळून पाहावेसे वाटेल त्यांनी एखाद्या संध्याकाळी चर्नी रोडला धीम्या लोकलमध्ये बसून पार्ल्याला पश्चिमेस उतरावे आणि जुहूच्या कुंपणाबाहेर थोडा वेळ थांबावे.

१५ ऑक्टोबर १९६२ रोजी, पहिल्या उड्डाणाला तीस वर्षे झाली त्या दिवशी, जे. आर. डी. टाटांनी लेपर्ड मॉथ जातीच्या जुन्या छोट्या विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. १९८२ मध्ये, पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो त्यांनी आणखी एकदा केला. त्या अर्धशतकात त्यांची कंपनी सरकारची झाली होती, टपाल जेट विमानांतून जाऊ लागले होते, आणि अहमदाबादला इंधन आणणारी बैलगाडी कधीच गेली होती. टाटा उतरले ते मात्र जुहूलाच.